मऊ अंडं आणि सोपं उत्तर

सकाळी खुराड्याचं दार उघडून कोपऱ्यातल्या पेंढ्यात हात घातला, तर बोटांना ऊब लागली, टणकपणा मात्र लागला नाही. बाहेर काढलं तर अंडंच होतं. दाबलं की खळगा पडायचा, बोट उचललं की हळूहळू भरून यायचा. वर ओलसर, पांढुरकी, चिवट कातडी. उजेडाकडे धरलं तर आतला बलक सावलीसारखा सरकताना दिसायचा. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता आणि असं हे तिसरं अंडं होतं.

बाजारात जाणं होतंच, म्हणून खाद्याच्या दुकानात विषय काढला. माझं वाक्य संपायच्या आत काउंटरवर बाटली आली. "कॅल्शियम कमी पडतंय. पाण्यातून द्या, आठ दिवसांत फरक." मागे उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "टॉनिकवर पैसे कशाला घालवताय? कवच न धरणारी कोंबडी ठेवूच नये. रविवार आलाच आहे." घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी तिसरा निकाल दिला, "आमच्या सासूबाईंनी कोंबड्यांना विकतचं कधी काही घातलं नाही हो. ह्या तुमच्या योजनेतल्या कोंबड्यांचेच नखरे."

तिघेही अनुभवी, तिघेही ठाम. पण कोंबड्या किती आहेत, अंड्यावर येऊन किती दिवस झाले, मऊ अंडं एकीचं की चौघींचं, खुराड्यावर कौलं आहेत की पत्रा, यातलं एकानेही काही विचारलं नाही. माझं भांडण आहे ते इथे. ताप आला म्हणणाऱ्याला न तपासता गोळी देणाऱ्या डॉक्टरला आपण नावं ठेवतो. कोंबडीच्या बाबतीत मात्र सगळं गाव तसला डॉक्टर होतं.

आधी टॉनिकवाल्यांची बाजू मांडतो, आणि त्यांनी स्वतः कधी मांडली नसेल इतकी नीट मांडतो. अंड्याचं कवच पाच-सहा ग्रॅमचं असतं आणि त्यातला ९४-९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे एका कवचात निव्वळ कॅल्शियम दोन ग्रॅमच्या थोडं वर. कोंबडीच्या सबंध सांगाड्यात कॅल्शियम असतं सुमारे २० ग्रॅम. सांगाड्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा ऐवज ती एका अंड्याबरोबर आपल्या हातात ठेवते. वर्षाला १८० अंडी घालणारी कोंबडी चारशे ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देऊन बसते, स्वतःच्या सगळ्या हाडांच्या वीसपट. कवच चढत असताना रक्तातलं कॅल्शियम इतक्या वेगाने उपसलं जातं की दर दहा-पंधरा मिनिटांनी ते नव्याने भरावं लागतं. तेव्हा कॅल्शियम कमी पडू शकतं, हे मान्य. पुष्कळ परसांत ते कमी पडतंच, हेही मान्य.

आता हाच हिशेब त्या बाटलीला लावू. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मंच कवचापर्यंत पोचतं. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के ठेवतात. दिवसाला ११० ग्रॅम खाद्य पोटात गेलं की चार ग्रॅम कॅल्शियम झालं. माणसांसाठी मिळणारी कॅल्शियमची नेहमीची गोळी ५०० मिलीग्रामची असते. अशा आठ गोळ्या, एका कोंबडीला, रोज! मी हातात घेऊन वाचलेल्या बाटल्यांवर दहा मिलीलिटरमागे काही शे मिलीग्राम लिहिलेले होते, आणि तेवढं औषध सगळ्या कोंबड्यांच्या पाण्यात मिळून ओतायचं होतं. ही तर म्हशीची तहान पळीने भागवणं झालं. म्हणजे कॅल्शियम खरोखरच कमी असेल, तरी बाटलीचा उपयोग नावापुरता. आणि कमी नसेल, तर तेवढाही नाही.

यावर कोकणात लगेच सुचवलं जातं, "मग नाचणी घाला." नाचणी आमची लाडकी, आणि धान्यांत कॅल्शियमच्या बाबतीत तिला जवळपास जोड नाही, हे खरंच. पण शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलीग्रामच्या आसपास भरतं. कोंबडीने दिवसभर दुसरं काही न खाता नुसती नाचणी टिपली, तरी गरजेच्या दहाव्या भागापर्यंत पोचते. तांदळाच्या कणीचं तर विचारूच नका. तिच्यात शंभर ग्रॅममागे दहा मिलीग्राम मिळाले तरी पुष्कळ. दाणे टाकून कवच येत नाही, मग ते कितीही प्रेमाने टाका.

प्रमाणाइतकीच महत्त्वाची आहे वेळ, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. कोंबडी सकाळी आठला अंडं घालते. अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो. त्याच्यावर पांढरा चढायला तीन तास, मग कातडी धरायला तासभर. दुपारी एकच्या सुमारास ते कवच चढवणाऱ्या पिशवीत पोचतं आणि अठरा-वीस तास तिथेच राहतं. कवचाचा जाड थर भरतो तो रात्री, कोंबडी दांडीवर बसून झोपलेली असताना. त्या वेळी तिच्या चोचीत काहीच जात नसतं. माल येतो दोन ठिकाणांहून. एक, हाडांच्या पोकळीतला खास अंड्यांसाठी साठवलेला राखीव साठा. दुसरी जागा म्हणजे कलेजी-पेट्यातला तो पेटा. तिथे संध्याकाळी गिळलेले शिंपल्याचे जाडसर तुकडे रात्रभर झिजत, विरघळत राहतात. पीठ करून दिलेलं कॅल्शियम किंवा सकाळच्या पाण्यातलं टॉनिक तोवर बरंचसं पुढे निघून गेलेलं असतं. त्यामुळे शिंपल्याचा चुरा ज्वारीच्या दाण्याएवढा ठेवावा, निराळ्या भांड्यात ठेवावा आणि संध्याकाळी नक्की समोर असावा. जिला गरज आहे ती खाते, जिला नाही ती भांडं ओलांडून जाते. ही निवड कोंबडीला आपल्यापेक्षा चांगली कळते.

इथपर्यंत टॉनिकवाले म्हणतील, "म्हणजे कॅल्शियमच ना? बाटलीतून नाही, शिंपल्यातून." थांबा. कवच कशाचं असतं? कॅल्शियम कार्बोनेटचं. या नावात शब्द दोन आहेत आणि सगळं गाव पहिलाच वाचतं. 'कार्बोनेट' कुठून येतं? ते येतं कोंबडीच्या रक्तात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून. कोंबडीला घाम येत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली ती चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकते. प्रत्येक धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्ताचा समतोल ढळतो आणि कवचाला लागणारा दुसरा माल संपत येतो. शिवाय उकाड्याने ती खाणंही कमी करते. समोर शिंपल्यांची रास असली तरी अशा वेळी कवच पातळच येणार. हे इतकं खरं आहे की १९८०च्या दशकात अमेरिकेत उन्हाने त्रासलेल्या कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजून पाहिलं होतं, आणि कवचात फरकही दिसला होता. मी कुणाला परसात सोड्याच्या बाटल्या फोडा म्हणत नाही. पत्र्यावर झावळ्या टाका, पाणी सावलीत ठेवा आणि दुपारी एकदा बदला, एवढंच म्हणतो. याला टॉनिकपेक्षा कमी खर्च येतो. पण झावळ्या काउंटरवर विकायला नसतात.

त्याच दुसऱ्या शब्दाचा आणखी एक पुरावा जुना आहे. १९४०च्या दशकात लक्षात आलं की सल्फानिलामाइड हे औषध पोटात गेलेल्या कोंबड्या बिनकवचाची अंडी घालू लागतात. खाद्य तेच, कॅल्शियम तेवढंच. औषध अडवत होतं ते कार्बन डायऑक्साइडपासून कार्बोनेट बनवायला मदत करणाऱ्या विकराला. त्या कोंबड्यांच्या मालकांना आपल्या दुकानदाराने काय दिलं असतं? बाटलीच. आणि आजही परसात कोंबडी हगवणीने सुकली की घरातल्या डब्यातली उरलेली माणसांची गोळी कुटून घालणारे कमी नाहीत. आठवड्याने अंड्याकडे पाहताना ती गोळी कुणालाच आठवत नाही.

कारणांची यादी इथे संपत नाही. नुकतीच अंड्यावर आलेली तलंग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखादं मऊ अंडं टाकते, कारण तिच्या अंगातला कारखाना अजून लयीत यायचा असतो. रात्री मुंगूस खुराड्याला नखं लावून गेलं, मांडवात फटाके वाजले, कुत्रं मागे लागलं, की घाबरलेली कोंबडी वेळेआधीच अंडं टाकून मोकळी होते. वय झालेल्या कोंबडीचं अंडं मोठं होत जातं, कवचाचा माल मात्र तेवढाच राहतो, म्हणून कवच पातळ होतं. आषाढात पंधरा-पंधरा दिवस कोंबड्या पागोळीखाली अंग चोरून उभ्या राहतात. त्यांच्या उघड्या पायांना ऊन लागत नाही आणि ड जीवनसत्त्व कमी पडलं तर खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याचाही कवचावर परिणाम होतो. ही सगळी मंडळी एकाच दारातून बाहेर येतात, आणि त्या दारावर आपण 'कॅल्शियम कमी' अशी पाटी लावून मोकळे होतो.

"चुकीचं असलं तरी टॉनिकने नुकसान तर होत नाही ना?" हा नेहमीचा बचाव. होतं, आणि दोन प्रकारे होतं. परसात सगळ्यांचं पाण्याचं भांडं एकच. दोन अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी त्यात कुणी चुना कालवतं, कुणी अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य सरसकट सगळ्यांपुढे ओततं. कोंबडे आणि दोन-तीन महिन्यांच्या तलंगा तेच खातात-पितात. त्यांना अंडं घालायचं नसतं, म्हणून त्यांची गरज एक टक्क्याच्या आसपास असते. वाढत्या तलंगेला आठवडेच्या आठवडे चार टक्क्यांचं खाद्य दिलं तर तिची मूत्रपिंडं बिघडतात. पानाचा चुना तर दाहक. तो पाण्यात कालवणं ही कोंबडीला शिक्षा आहे.

दुसरं नुकसान जास्त गंभीर आहे. बाटली देऊन आपण आठ दिवस गप्प बसतो. ते आठ दिवस कुणाचे असतात? एकाच कोंबडीचं एखादं अंडं मऊ आलं तर थांबायला हरकत नाही. पण चार-पाच कोंबड्यांची अंडी एकदम मऊ, सुरकुतलेली किंवा वेडीवाकडी येऊ लागली, फोडल्यावर पांढरा पाण्यासारखा पसरला, अंड्यांची संख्या घसरली, तर खाद्यापेक्षा रोगाचा संशय आधी घ्यायचा. इन्फेक्शस ब्राँकायटिसमध्ये नेमकं असंच होतं. लहानपणी हा रोग होऊन गेलेल्या तलंगेचा अंडमार्ग कायमचा अधू होऊ शकतो. ज्याला आपण मानमोडी म्हणतो, तो राणीखेत रोग. आपल्याकडे त्याला हे नाव मिळालं कुमाऊँमधल्या राणीखेतवरून, तिथे १९२७ साली तो आढळला म्हणून. लस टोचलेल्या कोंबडीत तो कधी कधी मान न वाकवता, फक्त अंड्यातून तोंड दाखवून जातो. १९७६ साली नेदरलँड्समध्ये ज्याची पहिली नोंद झाली, त्या 'एग ड्रॉप सिंड्रोम'मध्ये तर कोंबडी खाते-पिते, तुरा लाल, डोळे तरतरीत, आणि अंडी मात्र बिनकवचाची. त्याचा विषाणू मुळात बदकांत राहणारा. कोंबड्या आणि बदकं एकाच डबक्यावर पाणी पीत असतील तर ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

आणि महाराष्ट्राने तरी हे विसरू नये. फेब्रुवारी २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. त्या रोगाच्या लक्षणांत मऊ कवचाची, वेडीवाकडी अंडी आहेतच. एका मऊ अंड्याने घाबरून जा असं मी म्हणत नाही. पण अंडी मऊ, तुरे काळेनिळे, डोकं सुजलेलं आणि एकामागून एक मरतूक, असं दिसत असताना काउंटरवरची बाटली आणायला जाणारा माणूस आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणारा माणूस यांच्यातला फरक सगळ्या वाडीला भोगावा लागतो.

आता काकूंचं म्हणणं. सासूबाईंनी विकतचं काही घातलं नाही, तरी अंडी टणक होती. बरोबर आहे. पण सासूबाईंची गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी घालायची. दहा-पंधरा झाली की खुडूक बसायची आणि पुढचे दोन-तीन महिने पिल्लांमागे फिरत स्वतःची हाडं भरून काढायची. ती उकिरडा उकरायची, गोगलगायी, किडे वेचायची, चुन्याने सारवलेल्या भिंतीचे पोपडे टिपायची, मासळी साफ केलेल्या जागी पहिली हजर असायची. आज अंगणात सिमेंट आहे, भिंतीला ऑइलपेंट आहे, उकिरड्याचा खड्डा बुजला आहे आणि कुत्र्यांच्या भीतीने कोंबड्या जाळीत आहेत. शिवाय कोंबडीही ती राहिलेली नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया असो किंवा बंगळुरूहून आलेली कावेरी, ह्या जाती परसातही दीडशेच्या पुढे अंडी देण्यासाठीच तयार केल्या आहेत आणि त्यांना खुडूक बसण्याची फुरसत फारशी ठेवलेली नाही. अंडी तिप्पट घ्यायची आणि खाऊ घालायचं सासूबाईंच्या हिशेबाने. यात नखरे कोंबडीचे की आपले?

हा दोष एकट्या काकूंचा नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाख मोजले गेले, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. यातले पुष्कळ पक्षी योजनांमधून घरोघरी गेले. आमच्या वाडीत ते आले तेव्हा पिंजऱ्याबरोबर एक कागदही आला होता. त्यावर अंडी किती मिळतील ते ठळक अक्षरांत होतं. त्या अंड्यांना लागणारं कॅल्शियम कुठून आणायचं, याची एक ओळही नव्हती. "ही कोंबडी सगळं खाते, खर्च शून्य" असं तोंडी सांगितलं गेलं. खर्च शून्य नव्हताच, तो कोंबडीच्या हाडांवर टाकला होता. म्हणूनच टणक अंडं पाहूनही मी आता लगेच निर्धास्त होत नाही. कोंबडी प्रामाणिक असते. खाद्यात कमी पडलं तर काही काळ ती हाडं झिजवून कवच पुरं करते. मऊ अंडं येतं तेव्हा कधी कधी बिल बऱ्याच दिवसांचं थकलेलं असतं.

"रविवारी कापा"वाल्यांशी मी फार वाद घालत नाही. जुनी, वारंवार मऊ अंडी घालणारी, सगळं करून न सुधारणारी कोंबडी काढून टाकणं हा परसातला व्यवहार आहे. पण पहिल्या महिन्यातली तलंग एका मऊ अंड्यासाठी कापणं म्हणजे शेंग धरायच्या आत वेल उपटणं. शिवाय कारण पत्रा असेल तर कापणार किती जणींना? पत्रा तिथेच राहतो.

"एवढं बघत कोण बसणार? गरीब बाईला बाटली सोपी पडते," असंही मला ऐकवलं गेलं. मला वाटतं गरीब बाईच सगळ्यांत चांगलं बघते. कुठली कोंबडी कुठे अंडं घालते, कुणाचं अंडं लांबट, कुणाचं तपकिरी, हे तिला तोंडपाठ असतं. तिला विचारलंच जात नाही. किती जणींचं मऊ? कधीपासून? अंड्यावर येऊन किती महिने? गेल्या आठवड्यात काय बदललं, ऊन, खाद्य, औषध की रात्रीचा आवाज? कोंबड्या एरवी कशा आहेत? या पाच प्रश्नांना पैसे पडत नाहीत. आणि आमच्या किनाऱ्यावर तर उपायालाही पडत नाहीत. घराघरात तिसऱ्यांचं सुकं होतं आणि शिंपल्या गडग्यापलीकडे फेकल्या जातात. त्याच घरातून कुणीतरी कॅल्शियमची बाटली आणायला बाजारात जातं.

मी काय केलं ते सांगून थांबतो. मऊ अंडी एकीची नव्हती, चार कोंबड्यांतल्या तिघींची होती. तिघी दांडीवर पत्र्याला लागून बसायच्या, चौथी खाली भिंतीकडेला. तिघी एकदम म्हणून रोगाची धास्ती आधी घेतली. पण खोकला नव्हता, सुस्ती नव्हती, मरतूक नव्हती, फोडलेल्या अंड्यातला पांढरा घट्ट होता. पत्र्यावर झावळ्यांचा जाड थर टाकला, दांडी हातभर खाली घेतली, तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून, वरवंट्याने फोडून संध्याकाळी करवंटीत ठेवायला लागलो. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून मऊ अंडं आलं नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच आठवड्यात पाऊसही आला. झावळ्यांनी थांबलं, शिंपल्यांनी थांबलं की पावसाने, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बाटली आणली असती तर सगळं श्रेय तिनेच नेलं असतं, आणि पुढच्या मे महिन्यात मी तीच बाटली शेजाऱ्याला सुचवली असती.

परवा दुकानदाराने विचारलं, "काय, थांबलं का?" थांबलं म्हटलं. "बघा, म्हटलं होतं ना!" तो म्हणाला. त्याच्या लेखी मी बाटली नेलेलीच होती.